रिकाम्या गावातला सिग्नल

बॉइसी. बॉइझी नाही. 'सी' सीताफळातला. माझ्या मावसभावानं, सुयोगनं, विमानतळावरून घरी येईपर्यंत मला हे चार वेळा दुरुस्त करून सांगितलं. अमेरिकेत आयडाहो म्हणून राज्य आहे, तिथलं हे गाव. बाहेरच्या माणसानं 'झ' म्हटलं की तिथल्या लोकांना म्हणे तत्काळ कळतं की हा परका. मी कुवेतमध्ये एकोणीस वर्षं परका म्हणून राहतो आहे, त्यामुळे मला त्याचं विशेष काही वाटलं नाही. पण चौथ्या दुरुस्तीला माणसाचं मन दुखावतंच.

सुयोग सांगलीहून आपल्या आईला, म्हणजे माझ्या रेखामावशीला, कायमचं बॉइसीला घेऊन निघाला होता. काका गेल्यापासून ती सांगलीत एकटीच होती. आता फ्लॅटला कुलूप लावलं होतं, किल्ली शेजाऱ्यांकडे होती आणि दिवाळीला येऊन फ्लॅट विकायचा असं सुयोगनं ठरवलं होतं. मावशीला लांबचा प्रवास एकदम झेपणार नाही म्हणून मध्ये चार दिवस आमच्याकडे, अबू हलीफाला, मुक्काम.

तिच्या व्हिसासाठी मी तीन वेळा कचेरीत गेलो. अर्जात नातं लिहायचं होतं. इंग्रजीत 'आँट' लिहिलं की काम भागतं, पण अरबी मराठीइतकीच काटेकोर आहे. खिडकीतल्या बाईंनी विचारलं, खाला की अम्मा? मी म्हटलं, अम्मा नाही, अम्मांची बहीण. त्यांना वाटलं, मी अम्मा म्हणालो. अरबीत खाला म्हणजे मावशी आणि अम्मा म्हणजे आत्या. मावशीची आत्या झाली, आत्याचं आडनाव माझ्या वडिलांशी जुळेना, अर्ज परत. दुसऱ्यांदा मावशी झाली, पण जन्मसाल माझं पडलं. तिसऱ्यांदा त्याच बाई मला पाहून हसल्या आणि म्हणाल्या, खाला कशी आहे? इतकं करून आणलेली मावशी मी पुढे कशी सांभाळली ते आता सांगतो. त्यात माझी शोभा फारशी नाही.

पहिल्या रात्री जेवताना सुयोगनं फोन काढला. नदी. नदीकाठानं मैलोन्‌मैल सायकलची वाट. उन्हाळ्यात तिथली माणसं हवा भरलेल्या टायरवर बसून नदीतून वाहत जातात, नोकरदार माणसं, चांगल्या पगाराची. फुटबॉलचं मैदान निळं. गवत हिरवंच असावं असा आग्रह नाही. डोंगर घरापासून दहा मिनिटांवर. गाव इतकं वाढतंय की दर वर्षी नवा रस्ता. "आईला तिथं फार आवडेल," तो म्हणाला. मावशी आमटीत भात कालवत होती.

मला राहवलं नाही. मी म्हटलं, मावशीला कुवेतच आवडेल, हवं तर हिवाळ्यात इथंच राहा म्हणावं. मग दोन दिवस मी त्यांना मनोरे दाखवले, समुद्र दाखवला, जुना बाजार दाखवला. सुयोग प्रत्येक ठिकाणी मान डोलवून "छान आहे" म्हणायचा आणि मग बॉइसीतलं तसलंच काहीतरी काढायचा. मॉलमध्ये तर म्हणाला, "दादा, मॉल काय, सगळीकडे असतात." तेव्हा मी ते वाक्य बोललो. मी म्हटलं, तुमचं गाव दर वर्षी एक रस्ता वाढतं. आमच्याकडे उत्तरेला वाळवंटात अख्खं शहर उभं राहतंय, हजारो घरं, शाळा, मशिदी, बागा, सगळं तयार. उद्या दाखवतो.

"बाबा, नोबडी लिव्ह्ज देअर," आमची चारुता रात्री जेवताना ताटावरून मान न उचलता म्हणाली. चौदा वर्षांच्या मुलीचं कोण ऐकतं.

शेजारचे जाफरभाई मूळ रत्नागिरीकडचे, फहाहीलला नळ आणि बेसिनच्या दुकानात सत्तावीस वर्षं आहेत. त्यांनी दोन गोष्टी सांगितल्या. एक, उद्या शुक्रवारी जाऊ नका, दुपारनंतर धूळ उठणार आहे. दोन, जायचंच असेल तर वसाहतीच्या वेशीवर पहारेकरी असतो, प्लॉटचा नंबर सांगितल्याशिवाय आत सोडत नाही. तिथल्या एका घराला त्यांच्या दुकानानं नळ पुरवले होते. तो नंबर त्यांनी कागदावर लिहून दिला आणि नळ बघायला आलोय म्हणून सांगा, असं बजावलं. त्यांच्या बेगम अमिरुन्निसाभाभी दारात उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "भाऊ, माणूस राहायला गेलं नाही त्या घरात हाक मारू नये. कोण ओ देईल सांगता येत नाही." मी कागद खिशात घातला. नंबर महत्त्वाचा होता.

माझी बायको वीणा म्हणाली, मी येणार नाही आणि मावशींनाही नेऊ नका. त्यावर मावशी, जी दोन दिवस हं आणि बरं यांच्यापलीकडे काही बोलली नव्हती, एकदम म्हणाली, "मी जाते. कोणी राहत नाही असं गाव कसं असतं ते बघू दे एकदा." तिनं नऊवारी नाही, साधी गोल साडी नेसली होती आणि पायात सुयोगनं अमेरिकेसाठी घेतलेले पांढरे शुभ्र बूट. वीणानं पाण्याच्या बाटल्या आणि एक शाल दिली. शाल कशाला हे मला तेव्हा कळलं नाही.

तासाभरानं वस्ती संपली आणि वाळू सुरू झाली. वेशीवर एक खोली, एक आडवा दांडा आणि मुजफ्फर नावाचा पहारेकरी. बिहारचा, पन्नाशीचा. मी जाफरभाईंचा कागद दाखवला आणि नळ बघायला आलोय म्हणालो. त्यानं माझ्याकडे पाहिलं, सुयोगकडे पाहिलं. मग मागे पांढऱ्या बुटांत सरळ बसलेल्या मावशीकडे पाहिलं.

"ये भी नल देखेंगी?"

अमेरिकेत चिपा बनवणारा इंजिनियर आणि इथल्या बँकेतला सीनियर ऑफिसर, असे आम्ही दोघं प्लंबर म्हणून आत शिरलो. वहीत त्यानं गाडीचा नंबर लिहिला, बोटानं डोकी मोजली, तीन लिहिलं आणि सांगितलं की आज सुट्टी आहे, आत कामगारही नाहीत. धूळ आली तर गाडीतून उतरू नका.

आता त्या गावाचं वर्णन करतो. रस्ते आमच्या अबू हलीफापेक्षा रुंद. दोन्हीकडे घरं, सगळी एकाच रंगाची, एकाच उंचीची, दारा-खिडक्यांना प्लास्टिक लावलेलं. वाऱ्यानं ते प्लास्टिक आत-बाहेर होत होतं, म्हणजे प्रत्येक घर श्वास घेतंय असं दिसत होतं. बाग होती. बागेत झोपाळे होते, कागदात गुंडाळलेले, आणि तसेच गुंडाळलेले झुलत होते. शाळा होती, शाळेची घंटा होती, धूळपाटीला लागेल एवढी धूळही होती. कुत्रं नाही. कावळा नाही. दोरीवर एक टॉवेल नाही. मी आधी उत्साहानं "बघ, बघ" म्हणत होतो. दहा मिनिटांनी माझा आवाज मलाच मोठा वाटायला लागला.

आणि सिग्नल चालू होते. एकाही चौकात गाडी नव्हती, पण लाल, पिवळा, हिरवा व्यवस्थित चालले होते. कुवेतमध्ये सिग्नल तोडणं हा विनोदाचा विषय नाही. प्रत्येक खांबावर कॅमेरा. त्यामुळे त्या मोकळ्या गावात मी प्रत्येक लाल दिव्याला गाडी उभी करत होतो आणि समोरून नसलेले लोक जाईपर्यंत थांबत होतो. सुयोगला हसू येत होतं. बॉइसीत म्हणे रात्री रिकाम्या रस्त्यावर...

तेवढ्यात धूळ आली. ती कुठून तरी येते असं दिसत नाही. आधी रस्त्याचं शेवटचं टोक गेलं, मग शाळा गेली, मग आकाश हळदीसारखं पिवळं झालं आणि त्याचं शेंदरी झालं. भर दुपारी तीन वाजता रस्त्यावरचे दिवे आपोआप लागले. आम्ही एका लाल सिग्नलला उभे होतो. वारा गाडीला ढकलत होता. आणि इतकं सगळं होत असताना आम्ही दोघे भाऊ काय करत होतो? भांडत होतो.

तो म्हणाला, तुला आईला इथं ठेवायचंय, या भट्टीत. मी म्हटलं, निदान इथं जाफरभाईंसारखी मराठी बोलणारी माणसं आहेत; तिथं ती नदीकाठी सायकल चालवणार आहे का? तो म्हणाला, तिला तिथं स्वतंत्र खोली आहे, बाथरूमसकट. मी म्हटलं, तिला साडेपाचला चहा लागतो, तुझ्याकडे त्या वेळी कोण उठतं? दिवा हिरवा झाला. मी गाडी काढली. भांडण पुढे चालू राहिलं. मध्येच मला यजमान म्हणून कर्तव्य आठवलं आणि मी आरशात न बघता विचारलं, "मावशी, एसी जास्त होतोय का गं?"

"नाही रे."

अगदी स्पष्ट. तिचाच आवाज, तोच तो सांगलीचा हेल. सुयोगनंही ऐकलं; तो मला म्हणाला, बघ, तिला थंडी चालते, बॉइसीत काही अडचण नाही.

आणखी दोन सिग्नल गेले. मग धूळ इतकी दाट झाली की मी गाडी कडेला घेतली आणि पाण्याची बाटली द्यायला मागे वळलो.

मागची सीट रिकामी होती.

सीटवर तिची पर्स होती. पट्टा नीट लावलेला होता, रिकाम्या सीटवरून आडवा, खटका बसवून. शाल नव्हती. सुयोगनं आधी सीटखाली पाहिलं. मी त्याला नावं ठेवत नाही, मीही डिकी उघडून पाहिली. मग त्यानं तिला फोन लावला आणि तो पर्समध्ये वाजला. त्या वाजणाऱ्या पर्सकडे आम्ही दोघं बघत राहिलो.

"आत्ता बोलली ना ती?" तो म्हणाला.

मी एकशेबाराला फोन लावला. पलीकडचा माणूस फार सभ्य होता. त्यानं विचारलं, ब्लॉक कोणता, रस्ता कोणता, घर कोणतं? मला फक्त जाफरभाईंच्या नळांचा नंबर माहीत होता. त्यानं विचारलं, तिथं कोण राहतं? मी म्हटलं, कोणी राहत नाही. त्यानं विचारलं, मग हरवलं कोण? मी म्हटलं, माझी मावशी. आणि मग, का कोण जाणे, "खाला, अम्मा नाही" असंही म्हणालो. गाडी पाठवतो म्हणाला, जागचे हलू नका.

पण जागचं न हलणं शक्य नव्हतं. मी गाडी वळवली आणि आम्ही माणूस चालतो त्या वेगानं मागे निघालो. सगळे चौक सारखे. सगळ्या कोपऱ्यांवर तेच घर, तेच दार, तेच प्लास्टिक. एका चौकात सुयोग उतरून "आई" म्हणून ओरडला. समोरच्या घरात हाक शिरली, खोल्याखोल्यांतून फिरली आणि बाजूच्या घरातून बाहेर आली. मग पलीकडच्या घरातूनही आली. आई, आई, आई. चारी बाजूंनी कोणीतरी आपापल्या आईला शोधत होतं. मला भाभींचं बोलणं आठवलं आणि मी त्याला गप्प केलं. त्याचं तोंड धुळीनं शेंदरी झालं होतं आणि डोळ्यांखाली दोन ओल्या रेघा होत्या.

तेवढ्यात अजान सुरू झाली. आम्ही नुकतेच त्या मशिदीवरून आलो होतो, दाराला बाहेरून कुलूप होतं. वेळ नमाजाचीच होती आणि आवाज कुठल्यातरी यंत्रातून येत असणार, हे मला कळत होतं. तरी त्या कुलूपबंद इमारतीतून एक माणूस इतक्या मनापासून हाक मारतोय आणि यायला गावात कोणी नाही, हे मला ऐकवेना. आम्ही दोघं, वय वर्षं सत्तेचाळीस आणि बावन्न, एकमेकांचा हात धरून रस्त्याच्या मधोमध उभे होतो.

अजान संपल्यावर सिग्नलचा दिवा धुळीत हिरव्याचा लाल झाला आणि त्या लाल उजेडात मला खांबाजवळ काचेचा बसथांबा दिसला. नवा कोरा, बाक बसवलेला. बाकावर कोणीतरी बसलं होतं. डोक्यावरून शाल, चेहरा नाही. खाली दोन पांढरे बूट.

मला पुढे पाऊल टाकवेना. ते सुयोगनं टाकलं.

मावशीनं चेहऱ्यावरची शाल बाजूला केली. धूळ तिला फारशी लागलीच नव्हती. काचेच्या आत ती आमच्यापेक्षा कितीतरी बरी होती. तिनं मनगटावरचं घड्याळ पाहिलं.

"पंचवीस मिनिटं," ती म्हणाली.

सुयोग तिच्या पायाशी बसला आणि ती का उतरली, काय झालं, चक्कर आली का, असं सगळं एकदम विचारायला लागला. चक्कर आली नव्हती. तुम्ही भांडत होतात, दिवा लाल होता, समोर बसायची जागा दिसली, म्हणून उतरले, असं तिनं सांगितलं. पट्टा परत लावला, दार हळू लोटलं. वस्तू उघडी टाकायची तिला सवय नाही.

"पण असं का?" सुयोगनं विचारलं.

"दोन दिवस ऐकत होते. याचं गाव, तुझं गाव. कुठलं किती वाढतंय, कुठं काय बघण्यासारखं आहे. वाढू देत बाबा. मी म्हटलं, आपण उतरलो तर किती वेळात कळतंय, तेवढं बघावं. मला राहायचंय ना, मग मला तेच बघायला हवं."

मी खाली पाहत होतो. सुयोगनं तिच्या बुटाची सुटलेली नाडी बांधली, मग सुटलेली नसलेलीही सोडून पुन्हा बांधली.

पोलिसांची गाडी आली ती आम्ही तिला गाडीत बसवल्यावर. दोन तरुण पोलीस. त्यांनी टॉर्च मारून मावशीला पाहिलं, खाला सापडली का विचारलं आणि आमच्यापुढे गाडी घालून आम्हाला वेशीपर्यंत सोडलं. वाटेत मी मावशीला विचारलं, मी एसीचं विचारलं तेव्हा तू होतीस ना? तिला आठवेना. कुठल्या सिग्नलनंतर, तिनं विचारलं. मी सांगितलं. ती म्हणाली, तेव्हा मी बाकावर बसले होते.

"आम्ही दोघांनी ऐकलं, आई. तू 'नाही रे' म्हणालीस."

"असेल," मावशी म्हणाली. "परवापासून माझी उत्तरं तुम्हीच तर देताय."

वेशीवर मुजफ्फरनं दांडा उचलण्याआधी बोटानं डोकी मोजली. नळ ठीक आहेत का विचारलं. मी ठीक आहेत म्हणालो.

घरी वीणानं आम्हाला दारातच उभं केलं, धूळ झटकायला लावली आणि काय झालं ते फक्त मावशीच्या तोंडून ऐकलं. त्यानंतर दोन दिवस वीणा माझ्याशी चहाखेरीज बोलली नाही. जाफरभाईंनी चारदा विचारलं, पण मी त्यांना धूळ होती एवढंच सांगितलं. भाभींनी काहीच विचारलं नाही. संध्याकाळी येऊन मावशीच्या डोक्यावरून हात फिरवला, बराच वेळ तिच्याजवळ बसून राहिल्या आणि दोघी हळू आवाजात काहीतरी बोलल्या. मी जवळ गेलो की थांबायच्या.

विमान दुसऱ्या दिवशी संध्याकाळचं होतं. सकाळी साडेपाचला मी उठलो तर स्वयंपाकघरात सुयोग चहा करत होता. मावशी समोर बसली होती. त्यानं कप तिच्यापुढे ठेवला आणि विचारलं, "आई, तुला यायचंय का?"

मला वाटलं, तो आता तिच्या वतीनं उत्तर देईल. चार दिवसांची सवय होती. पण तो थांबला. मी दारात उभा राहिलो, तोही उभा, चहावर साय धरली. मावशीनं पूर्ण विचार केला. मग तिनं सांगितलं की तिला सांगलीला जायचंय, फ्लॅट विकायचा नाही, आणि त्यानं यावं, राहावं, वाटलं तर दर वर्षी यावं. नदी सांगलीलाही आहे.

तिकिटं बदलायला मला अख्खा दिवस लागला. ते सांगत बसलो तर वेगळी कथा होईल आणि तीही माझ्याच विरोधात जाईल. शेवटी दोघंही मुंबईच्या विमानात बसले. सुयोगनं ऑफिसातून तीन आठवडे घरून काम करायची परवानगी काढली होती.

काल मावशीचा फोन आला. तब्येत छान आहे म्हणाली. सुयोग घरीच असतो, आतल्या खोलीत बसून काम करतो आणि अधूनमधून हाक मारतो. "आज मी भाजीला गेले होते," ती सांगत होती. "परत आले तर म्हणतो, आई, मघाशी स्वयंपाकघरातून 'ओ' दिलीस ना? मी म्हटलं, मी तासभर बाजारात होते. तर असा पांढराफटक पडला."

मी विचारलं, मग काय केलंस?

ती म्हणाली, काही नाही. त्याला सांगितलं, 'ओ' ऐकू आली तरी उठून येऊन बघत जा.

तेवढ्यात फोनमधून लांबवर त्याची हाक ऐकू आली. मावशी गप्प राहिली. मीही. मग आतल्या खोलीत खुर्ची सरकल्याचा आवाज झाला आणि पावलं जवळ येऊ लागली.